जे तोंडात मावेल, ते पोटात जाईल

ॲक्सोलॉटल हा पाण्यात राहणारा उभयचर प्राणी भक्ष्याच्या मागे धावत नाही आणि ते चावूनही खात नाही. तळाशी चारही पाय टेकून तो निवांत बसलेला असतो. गांडूळ तोंडाजवळ आले की डोके किंचित वळते आणि दुसऱ्या क्षणी गांडूळ जागेवर नसते. आपल्याला दिसते ते एवढेच. त्या क्षणात त्याने जबडा उघडलेला असतो, घशाखालची हाडे आणि कूर्चा झटक्यात खाली ओढलेल्या असतात, तोंडाची पोकळी एकाएकी मोठी झालेली असते आणि ती भरायला समोरचे पाणी धावत आत आलेले असते. गांडूळ त्या पाण्याबरोबर ओढले जाते. मग पाणी कल्ल्यांच्या फटींतून बाहेर पडते आणि भक्ष्य आत राहते. हे सगळे सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आत आटोपते. दात आहेत, पण अगदी बारीक, निसटू पाहणारे भक्ष्य धरून ठेवण्यापुरते. चघळणे आणि तुकडे करणे त्याच्या खाण्यात नाहीच.

ॲक्सोलॉटल पाळायचा तर टाकीचा तळ कशाचा असावा, या प्रश्नाचे उत्तर या खाण्याच्या रीतीतच आहे. आत धावणारे पाणी निवड करत नाही. गांडूळ तळावर पडलेले असेल तर त्याच्या आजूबाजूचे जे काही हलके आणि सुटे असेल, तेही त्याच घोटात आत जाते. नको असलेली वस्तू ॲक्सोलॉटल कधीकधी थुंकून टाकतो, नाही असे नाही. पण घशापलीकडे गेलेला खडा परत आणणे त्याच्या हाती राहत नाही. त्यात त्याची नजर अधू. वासावर आणि अंगावरून जाणाऱ्या पाण्याच्या हालचालीवर त्याचा भरवसा जास्त. गांडुळाच्या वळवळीने शेजारचा खडा हलला, तर त्याच्या लेखी तोही भक्ष्यच. म्हणून मत्स्यालयाच्या दुकानात तळ निवडताना तो काचेतून कसा दिसेल हे नंतर पाहावे. आधी विचारावे, यातले काय काय या प्राण्याच्या तोंडात मावते?

असला प्राणी निसर्गात टिकला कसा, असे कोणालाही वाटेल. त्यासाठी मेक्सिको सिटीच्या दक्षिणेकडच्या सोचिमिल्कोला जावे लागते. जगात ॲक्सोलॉटलचे मूळ घर उरले आहे ते तिथेच. शेजारचे चाल्को सरोवर आटवण्यात आले. सोचिमिल्को आता सरोवर म्हणून नाही, तर कालव्यांच्या जाळ्याच्या रूपात शिल्लक आहे. या कालव्यांमध्ये चिनाम्पा म्हणतात ती शेते आहेत, सरोवराच्या तळचा गाळ आणि पाणवनस्पती थरावर थर रचून उभी केलेली. तिथले शेतकरी आजही लांब काठीला बांधलेल्या पिशवीने कालव्याच्या तळचा चिखल उपसतात, तो पसरतात, थोडा आळला की त्याचे चौकोन कापतात आणि एकेका चौकोनात एकेक बी टोचतात. तळ असा, की त्याच्या वड्या पाडता याव्यात. मऊ, बारीक, सेंद्रिय गाळ. हजारो वर्षे ॲक्सोलॉटल ज्या जमिनीवर भक्ष्य ओढत आला, ती ही. चार गोष्टी जास्त गिळल्या गेल्या तरी तो चिखल होता, आणि चिखल आतड्यातून निघून जातो. खडा ओळखून टाळण्याची गरज या प्राण्याला तिथे पडली नसावी.

त्या घराची अवस्था आज फार वाईट आहे. 1998 च्या पाहणीत सोचिमिल्कोत दर चौरस किलोमीटरला सुमारे 6,000 ॲक्सोलॉटल आढळले होते. 2014 च्या पाहणीत हा आकडा 36 वर आला. कालव्यांत सोडलेले तिलापिया आणि कार्प मासे अंडी आणि पिल्ले खातात, आणि शहराचे सांडपाणी त्यात भर घालते. 2021 साली मेक्सिकोने आपल्या 50 पेसोच्या नोटेवर ॲक्सोलॉटल आणि चिनाम्पा छापले, पण पाण्यातली त्याची संख्या नोटेने वाढत नाही. काचेच्या टाक्यांमध्ये मात्र जगभर तो भरपूर आहे. यातल्या बहुतेकांचा वंश 1864 साली पॅरिसला पोहोचलेल्या मोजक्या प्राण्यांपर्यंत जातो. त्यातले सहा, पाच नर आणि एक मादी, ऑग्युस्त द्युमेरिल या प्राणिशास्त्रज्ञाकडे आले आणि पुढच्याच वर्षी त्यांची वीण झाली. तेव्हापासून प्रयोगशाळांमध्ये हा प्राणी सतत वाढवला जात आहे, आणि तिथे त्याला ठेवतात ते बहुधा मोकळ्या, बिनवाळूच्या भांड्यांत. शोभेचे खडे आले ते हौशी लोकांच्या टाकीत.

या प्राण्याची सर्वांत मोठी ख्याती म्हणजे तुटलेला अवयव पुन्हा उगवणे. पाय, शेपटी, कल्ल्यांचे झुपके, मज्जारज्जूचा तुकडा, हृदयाचा काही भाग, हे सगळे तो नव्याने घडवू शकतो. त्यामुळे पाळणाऱ्यांची समजूत होते की हा काहीही सोसेल. आतड्यात अडकलेल्या खड्यापुढे ही शक्ती कुचकामी आहे. खडा ही जखम नव्हे, अडथळा आहे. पाय तुटलेला ॲक्सोलॉटल महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा चालायला लागतो. आतडे तुंबलेला ॲक्सोलॉटल उपाशीपोटी फुगत जातो.

दुकानात ग्रॅव्हल म्हणून मिळणारे खडे साधारण दोन मिलिमीटरपासून पंधरा-वीस मिलिमीटरपर्यंत असतात, आणि नेमका हाच पट्टा सर्वांत घातक. एवढा खडा सहज गिळला जातो, पण आतड्याच्या वळणांतून सहज सुटत नाही. रंगवलेले ग्रॅव्हल असेल तर रंगाचे पापुद्रे सुटण्याची भीती वेगळीच. माझे मत इथे ठाम आहे: ॲक्सोलॉटलच्या टाकीत ग्रॅव्हल नको, बारीक नको, जाडे नको, कोपऱ्यात हौसेपुरतेही नको. ‘माझ्याकडे वर्षभर आहे, काही झाले नाही’ असे सांगणारे भेटतात. त्यांचे म्हणणे खोटे नसते; पण नीट सांभाळलेला ॲक्सोलॉटल दहा-पंधरा वर्षे जगतो, आणि इतक्या वर्षांत तो तळावरून किती घास उचलतो याचा विचार केला की एका वर्षाचा दाखला अपुरा वाटतो.

ग्रॅव्हलच्या पंक्तीत बसणाऱ्या आणखीही गोष्टी आहेत. काचेच्या गोट्या, शिंपले, भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या. पाणवनस्पतींसाठी विकली जाणारी दाणेदार ‘सॉइल’ तर दुहेरी अडचणीची: तिचे दाणे गिळण्याच्याच मापाचे, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत तिच्यातून पाण्यात अमोनिया सुटतो. लाव्हा रॉकचे तुकडे मोठे असले तरी धारदार असतात. ॲक्सोलॉटलच्या अंगावर खवले नाहीत. कातडी उघडी, मऊ आणि बुळबुळीत. तिच्यावर ओरखडा उठला की त्या जागी कापसासारखी पांढरी बुरशी धरायला वेळ लागत नाही.

मग घालायचे काय? पूर्ण वाढलेल्या प्राण्यासाठी माझी पहिली पसंती बारीक वाळूला. कण एक मिलिमीटरच्या आतला हवा. इतकी बारीक वाळू घासाबरोबर गेली तरी सहसा विष्ठेतून बाहेर पडते, आणि पायांना धरायला जमीन मिळते. वाळूवर चालणारा ॲक्सोलॉटल काचेवर घसरणाऱ्यापेक्षा स्वस्थ दिसतो. पाऊल टाकतो, बोटे रोवतो, थांबतो. रानटी, गडद रंगाचा ॲक्सोलॉटल तर तळाच्या रंगाप्रमाणे आपली छटा थोडीफार बदलतोही. त्याला पापण्या नाहीत, म्हणून झगझगीत पांढऱ्या वाळूवर वरून प्रखर दिवा सोडणे मला पटत नाही. मातकट किंवा करड्या वाळूवर तो जास्त मोकळेपणाने बाहेर येतो.

वाळू आणायची कुठून, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. बांधकामावरची नदीची वाळू म्हणजे सगळ्या मापांची खिचडी. त्यात पिठासारखा गाळही असतो आणि वाटाण्याएवढे खडेही. हल्ली बांधकामाला सर्रास वापरतात ती क्रश सँड खाणीतला काळा दगड भरडून केलेली, तिच्या कडा अणकुचीदार, ती नकोच. जलतरण तलावाच्या फिल्टरसाठी जी सिलिका वाळू मिळते ती चांगली, मात्र तिच्या वेगवेगळ्या ग्रेड असतात, त्यातली बारीक मागून घ्यावी. नदीची वाळूच वापरायची असेल तर ती उन्हात खडखडीत वाळवून मैद्याच्या चाळणीने चाळावी. वर राहील ते कुंड्यांना, खाली पडेल ते टाकीला. मग बादलीत थोडी थोडी घेऊन हाताने ढवळत धुवावी. पहिले पाणी चहासारखे गढूळ निघते. पाणी नितळ येईपर्यंत धुणे सोडू नये, नाहीतर तोच गढूळपणा पुढे आठवडाभर टाकीत तरंगतो आणि कल्ल्यांच्या नाजूक झुपक्यांवर बसतो.

कोकणच्या किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते म्हणून पिशवी भरून आणण्याचा मोह होतो. त्या वाळूत मिठाबरोबर शिंपल्यांचा चुराही असतो, म्हणजेच चुना. ओळखायला सोपे आहे. चमचाभर कोरड्या वाळूवर व्हिनेगरचे चार थेंब टाकायचे आणि कान जवळ न्यायचा. बारीक चरचर ऐकू आली, बुडबुडे दिसले, की चुना आहे. ॲक्सोलॉटलला किंचित जड पाणी मानवते, त्यामुळे चुना म्हणजे काही विष नव्हे. अडचण वेगळी आहे. चुन्याने पाण्याचा पीएच चढतो, आणि पीएच चढला की पाण्यातल्या अमोनियाचा विषारी हिस्सा झपाट्याने वाढतो; पीएच 7 वरून 8 वर गेला तर तो जवळजवळ दहापट होतो. ज्या टाकीत विष्ठा आणि उष्टे पडतच राहणार, तिथे हा धोका ओढवून घ्यायचे कारण नाही.

वाळूचा थर दोन, फार तर तीन सेंटिमीटर. तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद टाकीला दोन सेंटिमीटरच्या थरासाठी बारा-तेरा किलो वाळू लागते. थर जाड झाला की खालच्या भागात प्राणवायू पोहोचत नाही, तिथे कुजण्याची वेगळी प्रक्रिया सुरू होते आणि हायड्रोजन सल्फाइड वायू साठतो. काचेच्या बाजूने पाहिले तर वाळूत काळे पट्टे दिसतात. ढवळले की सडक्या अंड्याचा वास येतो. म्हणून पाणी बदलताना बोटाने वाळू हलकेच वरखाली करावी. एका वेळी सगळा तळ ढवळू नये. आज हा कोपरा, पुढच्या खेपेला तो. सायफनची नळी वाळूत खुपसायची नाही, बोटभर वर धरून फिरवायची. विष्ठा हलकी असते, उचलली जाते, वाळू मागे राहते. फिल्टर स्पंजचा असेल तर उत्तम, कारण मोटरीच्या पात्यात वाळूचे कण गेले की ते पाते झिजवतात.

ज्यांना वाळूची उस्तवार नको, त्यांच्यासाठी फरशी. इथे मराठी घरातला पहिला विचार शहाबादी किंवा कोटा फरशीचा असतो. दोन्ही चुनखडीच्याच जातीच्या आहेत. व्हिनेगरचे थेंब टाकले की त्यांच्यावरही बुडबुडे येतात. पाणी मुळात जड असेल तर फरशीचा एखादा तुकडा लगेच काही बिघडवणार नाही, पण अख्खा तळ चुनखडीचा करू नये. जुन्या शाळकरी पाटीचा दगड, म्हणजे स्लेट, चांगला. तो पाण्यात विरघळत नाही, गडद असतो आणि खरखरीतही. बिनझिलईची सिरॅमिक टाइल चालते. गुळगुळीत, चकचकीत टाइल लावून काय साधणार? ती काचेइतकीच घसरडी. फरशीचा खरा दोष खालच्या बाजूला असतो. फरशी आणि काच यांच्यामधल्या फटीत विष्ठा शिरते आणि वरून टाकी स्वच्छ दिसत असताना आत कुजत राहते. एकतर कडा मत्स्यालयाच्या सिलिकॉनने बंद कराव्यात, नाहीतर दर पाणी बदलताना फरशी उचलून खाली पुसून घ्यावे. कडा घासून गोल करायला विसरू नये.

काहीच न घालता काचेचा तळ मोकळा ठेवणे, हा तिसरा मार्ग. पिल्लांसाठी दुसरा मार्गच नाही. लांबी 12 ते 15 सेंटिमीटर होईपर्यंत पिल्लाला वाळूसुद्धा नको, कारण त्याच्या अरुंद आतड्यात वाळूही गोळा होऊन बसू शकते, आणि भुकेले पिल्लू मोठ्यापेक्षा जास्त बेफाम तोंड मारते. आजारी प्राण्यालाही मोकळा तळ बरा. विष्ठा झाली की नाही, किती झाली, कशी झाली हे लगेच कळते. निरोगी मोठ्या ॲक्सोलॉटलला मात्र आयुष्यभर नुसत्या काचेवर ठेवणे मला अपुरे वाटते. पाय टेकवायला पकड नाही आणि खालून प्रतिबिंब. शिवाय वाळूच्या कणांवर राहून अमोनिया पचवणारे जिवाणू इथे नसतात, तो सगळा भार फिल्टरवर पडतो. मोकळा तळ ठेवलाच तर फिल्टर मोठा घ्यावा आणि लपायला एखादे कौल किंवा आडवी केलेली मातीची कुंडी द्यावी. शोभेला मोठे गोटे चालतात, फक्त प्रत्येक गोटा प्राण्याच्या डोक्याहून मोठा हवा, म्हणजे मोठ्या प्राण्यासाठी मुठीएवढा तरी. प्राणी वाढत असतो, डोकेही वाढते. गेल्या वर्षी सुरक्षित असलेला गोटा यंदा पुन्हा मापावा.

तळ कोणताही असला तरी खायला घालायची जागा ठरवून टाकावी. पसरट काचेची बशी तळावर ठेवून गांडूळ त्यातच सोडायचे, किंवा बोथट टोकाच्या लांब चिमट्याने तोंडासमोर धरायचे. काही दिवसांत बशी दिसली की ॲक्सोलॉटल आपण होऊन तिच्याकडे येऊ लागतो. वाळू गिळण्याचे प्रमाण एवढ्यानेच पुष्कळ घटते, आणि उष्टे एका जागी पडते.

महाराष्ट्रात ॲक्सोलॉटल पाळणाऱ्याने तळाबरोबर उन्हाळ्याचाही विचार करायला हवा. सोचिमिल्को समुद्रसपाटीपासून 2,200 मीटरहून उंच आहे. या प्राण्याला 16 ते 18 अंश सेल्सिअसचे पाणी लागते आणि 24 च्या वर त्याचे हाल सुरू होतात. मुंबई-नागपूरच्या घरात उन्हाळ्यात पाणी तिशीला टेकते. चिलर घेण्याची ऐपत आणि तयारी नसेल तर हा प्राणी आणूच नये, असे मी स्पष्ट सांगतो. तळाशी याचा संबंध सरळ आहे: गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, उष्टे लवकर कुजते आणि तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो. थंड पाण्यात जो वाळूचा तळ आठवडाभर निभावतो, तो गरम पाण्यात दोन दिवसांत घाण होतो.

खडा अडकल्याची चिन्हे सुरुवातीला साधी असतात. खाणारा प्राणी खाणे सोडतो. चार-सहा दिवस विष्ठा दिसत नाही. पोट एका बाजूला फुगते, किंवा मागचा भाग वर उचलला जाऊन तो तरंगू लागतो आणि धडपडूनही खाली बसता येत नाही. हलक्या हाताने उचलल्यावर कधी पोटात टणक काही लागते. अशा वेळी तेल पाजणे, पोट दाबणे, रेचक देणे असले प्रयोग करू नयेत. प्राण्याला खडे असलेल्या टाकीतून काढून क्लोरीन घालवलेल्या थंड पाण्याच्या मोकळ्या डब्यात ठेवावे, पाणी रोज पूर्ण बदलावे आणि उभयचर तपासणाऱ्या पशुवैद्याकडे न्यावे. क्ष-किरण चित्रात दगड पांढरा, स्वच्छ दिसतो. काही प्राणी दोन-चार दिवसांत खडा ओकतात किंवा विष्ठेतून टाकतात. काहींवर शस्त्रक्रियेची वेळ येते. पाळणाऱ्यांमध्ये अशा प्राण्याला फ्रीजमध्ये, 5 ते 8 अंशांवर ठेवण्याची रीत आहे. थंडीने शरीराचे सगळे व्यवहार मंदावतात, पण खडा त्याने विरघळत नाही. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय मी हे करणार नाही.

टाकीत ग्रॅव्हल आधीपासून असेल तर ते काढायला सवडीचा दिवस शोधत बसू नये. प्राण्याला टाकीच्याच थोड्या पाण्यात डब्यात काढावे, डब्यावर झाकण ठेवावे, कारण घाबरलेला ॲक्सोलॉटल उडी मारतो. ग्रॅव्हल उचलताना खालची सगळी घाण पाण्यात मिसळते. ते पाणी काढून टाकावे, पण फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नये आणि कोरडाही पडू देऊ नये. जिवाणूंची एक वस्ती खड्यांबरोबर गेलेली असते, दुसरी या स्पंजात आहे. नवा तळ घातल्यावर पुढचे दोन आठवडे एक दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट तपासावे. दोन्ही शून्य हवेत. अमोनिया थोडा जरी दिसला तरी त्याच दिवशी चौथाई ते निम्मे पाणी बदलावे, आणि आकडा शून्यावर स्थिर होईपर्यंत खाणे नेहमीच्या निम्मे ठेवावे.